सप्तसागर यात्रा : उज्जयिनीतील एका दिवसाची पदयात्रा

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

अधिक मास जवळ आला की महाराष्ट्रातून उज्जयिनीस येऊ इच्छिणाऱ्या भाविकांकडून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. सप्तसागर यात्रा एका दिवसात पूर्ण होते काय, आणि ती वयस्कर मंडळींस झेपते काय ? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. सातांपैकी सहा सागर शहरातच असून सावकाश चालणाऱ्यासही त्यांस अर्धा दिवस पुरतो. सातवा, अर्थात रत्नाकरसागर, हा तेवढा शहराबाहेर उंडासा या गावी आहे व तेथे वाहनाने जाता येते. वाटेत कोठेही अवघड चढ नाही. तथापि या यात्रेविषयी सांगण्यासारखे एवढेच नसल्यामुळे, तिचा आधार, काळ, क्रम, दान आणि सागरांची आजची स्थिती यांविषयीची माहिती भाविकांच्या सोयीसाठी येथे देत आहोत.

प्रथमच येणाऱ्या भाविकास 'सागर' या शब्दाचे नवल वाटते. उज्जयिनी माळव्याच्या पठारावर वसलेली, समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. येथे सागर म्हणजे तलाव. उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खोलगट जागी अडवून, त्यास घाट किंवा पाळ बांधून केलेला जलाशय. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवणारी आणि तिच्याखाली काळा पाषाण, त्यामुळे असे जलाशय येथे टिकले. त्यांचे पाणी झिरपून भोवतालच्या विहिरींना मिळत असे. ज्या नगरीत वर्षातील चार महिनेच पाऊस पडतो आणि नदीचे पात्र उन्हाळ्यात आटते, त्या नगरीने आपल्या तलावांस समुद्राची नावे दिली, यात आम्हांस अतिशयोक्तीपेक्षा कृतज्ञता अधिक दिसते.

पौराणिक आधार

स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात या क्षेत्राचे माहात्म्य आले असून सप्तसागरांच्या स्नानदानाची परंपरा त्याच्याशी जोडली जाते. सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी : सुद्युम्न राजाची राणी सुदर्शना हिने दाल्भ्य ऋषींना सुपुत्रप्राप्तीचा उपाय विचारला. ऋषींनी तिला महाकालवनात जाऊन सात सागरांच्या ठिकाणी स्नान करून यथाविधी दान करण्यास सांगितले. सप्तसमुद्रांचे पुण्य एकाच क्षेत्री मिळते, हा या कथेचा भावार्थ.

पुराणांत क्षार, क्षीर, दधी, घृत, इक्षुरस, सुरा आणि शुद्धोदक असे सात समुद्र वर्णिले आहेत. उज्जयिनीतील सागरांची नावे त्यांहून निराळी आहेत, पण दानाच्या पदार्थांत जुन्या कल्पनेच्या खुणा राहिल्या असाव्यात. रुद्रसागरावर मीठ देतात, क्षीरसागरावर दूध वा खीर देतात, गोवर्धनसागरावर लोणी देतात. हा केवळ आमचा तर्क आहे. जाणकारांनी त्यावर अवश्य विचार करावा.

यात्रेचा काळ

ही यात्रा वर्षभरात केव्हाही करण्यास हरकत नाही, परंतु तिचा मुख्य काळ अधिक मास, म्हणजेच पुरुषोत्तम मास होय. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दरवर्षी पडणारा सुमारे अकरा दिवसांचा हा फरक साठत जाऊन साधारणतः ३२ ते ३३ महिन्यांनी एक जादा महिना धरावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याचे राशिसंक्रमण होत नाही तो अधिक. एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास येतात.

येथे महाराष्ट्रातील भाविकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. माळव्यात महिना पौर्णिमेस संपतो, महाराष्ट्रात अमावास्येस. म्हणून कृष्ण पक्षातील उत्सवांच्या महिन्यांची नावे दोन्हीकडे वेगळी पडतात आणि गोंधळ होतो. उदाहरणार्थ, येथील प्रसिद्ध पंचक्रोशी यात्रा वैशाख कृष्ण दशमीपासून अमावास्येपर्यंत असते, ती आपल्या पंचांगानुसार चैत्र वद्यात येते. ही चूक होऊन पुरता महिनाभर उशिरा येऊन पोहोचलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. अधिक मासाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न उद्भवत नाही. तो दोन्ही पद्धतींत शुद्ध प्रतिपदेस आरंभ होऊन अमावास्येस संपतो आणि त्याच्या तारखाही एकच असतात. २०२३ चा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, आणि त्यानंतरचा अधिक मास २०२९ साली चैत्रात.

अधिक मास कोणत्याही एका ऋतूस बांधलेला नाही, ही गोष्ट या यात्रेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. २०१० साली तो वैशाखात आला, २०१२ साली भाद्रपदात, २०१५ साली आषाढात, २०१८ साली ज्येष्ठात, २०२० साली आश्विनात. त्यामुळे यात्रेकरूंस सागर कधी काठोकाठ भरलेले दिसतात, तर कधी तळ उघडा पडलेले. नगरातील एवढे लोक एकाच महिन्यात सातही जलाशयांच्या काठी जाऊन उभे राहतात, असा दुसरा प्रसंग नाही. आमच्या मते ही यात्रा म्हणजे नगरीने दर तिसऱ्या वर्षी आपल्या पाण्याची घेतलेली हजेरीच होय. पूर्वजांच्या मनात हा हेतू होता किंवा नव्हता हे सांगणे कठीण, पण परिणाम मात्र तोच होतो, आणि म्हणूनच ही यात्रा शक्यतो पायी व डोळे उघडे ठेवून करावी अशी आमची विनंती आहे.

सागरांचा क्रम

परंपरेने क्रम रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर व पुरुषोत्तमसागर असा सांगितला जातो. पहाटे रामघाटावर क्षिप्रास्नान करून संकल्प सोडावा व श्रीहरसिद्धी देवीचे दर्शन घेऊन निघावे. मंदिरासमोरील दोन उंच दीपमाळा पाहिल्यावर मराठी माणसास आपल्याकडील देवळांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या मराठा काळातीलच आहेत.

पहिला रुद्रसागर. श्रीमहाकालेश्वर व श्रीहरसिद्धी या दोन मंदिरांच्या मधल्या सखल भागात हा पसरला असून त्याचे मोठा व छोटा असे दोन भाग आहेत. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हापासून मंदिराचे शिखर या पाण्याच्या काठी उभे आहे. मध्यंतरीची कित्येक वर्षे या सागराची अवस्था चांगली नव्हती. वस्तीचे सांडपाणी त्यात येत असे, पृष्ठभाग जलपर्णीने झाकलेला असे व उन्हाळ्यात कडेचा भाग कोरडा पडे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' या परिसराच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. नऊशे मीटरांहून लांब असा हा मार्ग रुद्रसागराच्या काठानेच जातो, आणि सागरावरून पादचारी पूलही झाला. आज सातांपैकी सर्वाधिक लोक पाहतात तो हाच सागर. मात्र त्यांतील बहुतेकांस आपण एका तीर्थाच्या काठाने चाललो आहोत याची कल्पना नसते. ते मूर्ती पाहतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. येथील प्रचलित दान मीठ, पांढरे वस्त्र आणि चांदीचा नंदी असे आहे.

पुष्करसागर नलिया बाखल या जुन्या वस्तीत आहे. माळव्यात बाखल म्हणजे समाईक अंगणाभोवती दाटलेली घरे. मराठीतील 'बखळ' कानास जवळची वाटली तरी अर्थ अगदी निराळा, आपली बखळ मोकळी असते आणि ही गच्च भरलेली. सागर या नावाने येथे विस्तीर्ण पाणी पाहण्यास मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. घराघरांतून विचारत जावे लागते, रहिवासी आनंदाने वाट दाखवितात. पिवळे वस्त्र, चण्याची डाळ आणि यथाशक्ती सुवर्ण हे येथील दान.

नयी सडक या वर्दळीच्या रस्त्यालगत क्षीरसागर आहे. शेजारचे क्षीरसागर मैदान शहरात सर्वांस ठाऊक असल्याने पत्ता सापडण्यास अडचण येत नाही. काठावर शेषनारायणाचे स्थान असून अधिक मासात केल्या जाणाऱ्या नवनारायण यात्रेतही त्याची गणना होते. क्षीरसागरात शेषशायी विष्णू, ही पुराणातील योजना येथे शहराच्या मध्यवस्तीत प्रत्यक्ष उतरलेली आहे. दूध अथवा खीर भरलेले भांडे येथे दान देतात. क्षीरसागर आडनावाची मंडळी येथे हमखास छायाचित्र काढून घेतात, त्यास अर्थातच आमची हरकत नाही.

गोवर्धनसागर निकास चौराह्याजवळ आहे. येथे थोडे थांबून पाहावे असे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तलाव कसा मरतो हे येथे समजते. तलावास पाणी येण्याची एक वाट असते, आपल्याकडे तिला आवक म्हणतात, आणि जादा पाणी बाहेर पडण्याचीही वाट असते. भोवती बांधकामे उभी राहिली की प्रथम आवक बंद होते. पावसाचे पाणी येईनासे होते आणि त्याच्या जागी येते ते केवळ नाल्यांचे पाणी. मग काठ मातीने भरत जातो, भरलेल्या काठावर आणखी बांधकाम होते, आणि दोन पिढ्यांनंतर तेथे तलाव होता हे सांगण्यास महसुली दप्तराची साक्ष काढावी लागते. उज्जयिनीतील सप्तसागरांवरील अतिक्रमण व प्रदूषण यांचा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला होता. त्यातील कायदेशीर बाजूंत आम्ही पडत नाही. पण ज्या भाविकाने हा सागर पूर्वीच्या अधिक मासात पाहिला असेल त्याने आज पुन्हा पाहावा, काठ कोठवर होता ते आठवावे आणि बरोबरच्या लहानग्यांस दाखवावे, एवढे प्रत्येकास करता येण्यासारखे आहे. लोणी-साखर, गहू आणि लाल वस्त्र हे येथील दान.

रत्नाकरसागर

परंपरेच्या क्रमानुसार पाचवा रत्नाकरसागर. शहरापासून मक्सीच्या बाजूस दहा-बारा किलोमीटरांवर उंडासा गावी तो आहे. चालत जाणारे लोक आजही आहेत, बहुतेक मंडळी रिक्षा करून जातात. आमचा सल्ला असा की शरीर साथ देत असेल तर वाहन गावाच्या अलीकडे सोडावे व शेवटचा टप्पा पायी जावा.

शहरातील चार सागर पाहून येथे आल्यावर डोळ्यांवरचे दडपण एकदम उतरते. दुकाने नाहीत, भिंती नाहीत, पाण्याच्या पलीकडे शेते आणि वर आकाश. 'सागर' हा शब्द येथे प्रथमच सार्थ वाटतो. आपल्याकडील मंडळी सह्याद्रीच्या माथ्यावरील तळी पाहण्यास हौसेने जातात. येथे डोंगर नाही, पण मोकळ्या रानातून चालत जाऊन अचानक समोर पाणी दिसण्याचा आनंद त्याच जातीचा आहे. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पक्षी उतरतात व त्यांना पाहण्यासाठी पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात. अधिक मास हिवाळ्यात सहसा येत नसल्याने यात्रेकरूंस हे दृश्य मिळत नाही. ज्यांस ते पाहावयाचे असेल त्यांनी मार्गशीर्ष-पौषात वेगळे यावे.

रत्नाकर म्हणजे रत्नांची खाण, म्हणून येथे पंचरत्ने, स्त्रियांची वस्त्रे व सौभाग्यालंकार यांचे दान सांगितले आहे. वृद्ध अथवा आजारी व्यक्तींस येथवर येणे शक्य नसल्यास त्यांच्या वतीने कुटुंबातील एकाने जावे. सहा सागर स्वतः केलेल्या आजींनी सातव्यासाठी नातवाच्या हाती बांगड्या व खण देऊन पाठविल्याचे आम्ही पाहिले आहे. नातू परत येईपर्यंत त्या विष्णुसागराच्या काठी बसून राहिल्या होत्या. पाणी किती आहे, हा त्यांनी त्यास विचारलेला पहिला प्रश्न.

अंकपात परिसर

विष्णुसागर अंकपात मार्गावर श्रीराम-जनार्दन मंदिराजवळ आहे. श्रीकृष्णाने सांदीपनी मुनींच्या आश्रमात विद्याध्ययन केले व पाटीवर लिहिलेले अंक येथे धुतले, म्हणून हा अंकपात, अशी श्रद्धा आहे. आश्रम व गोमतीकुंड जवळच आहेत. सागराच्या काठी सावली मिळते. दुपारची विश्रांती येथेच घ्यावी.

राम-जनार्दन मंदिरे सतराव्या शतकात जयपूरच्या मिर्झाराजे जयसिंह यांनी बांधविली. भोवतालची तटभिंत व कुंड ही अठराव्या शतकात मराठ्यांनी केलेली भर. आतील भिंतींवर मराठा शैलीची चित्रे आहेत, ती चुकवू नयेत. मंदिराहूनही जुन्या, दहाव्या ते बाराव्या शतकांतील काही मूर्ती आवारात आहेत, त्यांतील गोवर्धनधारी कृष्णाची मूर्ती विशेष पाहण्याजोगी. मराठ्यांच्या माळव्यातील कारकिर्दीचा विषय निघाला की लढाया आणि चौथाई यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु दौलतराव शिंदे यांनी १८१० साली आपली राजधानी ग्वाल्हेरकडे नेईपर्यंत उज्जयिनी हे शिंद्यांचे ठाणे होते, त्यानंतरही बायजाबाई शिंदे यांनी येथे गोपाळमंदिर उभारले, आणि या काळात नगरीत जे बांधले व दुरुस्त केले गेले त्यांत घाट, कुंडे व दीपमाळा यांचा वाटा मोठा आहे. तलावास पायऱ्या बांधणे हे देऊळ बांधण्याइतकेच पुण्याचे काम मानले जाई. विष्णुसागरावर पंचपात्र, ग्रंथ व माळ यांचे दान देतात.

शेवटचा पुरुषोत्तमसागर अंकपात दरवाजाजवळ, इंदिरानगर भागात आहे. लोक त्यास 'सोळासागर' म्हणून ओळखतात, तेच नाव विचारावे, म्हणजे लवकर सापडेल. अधिक मासाचा अधिपती पुरुषोत्तम, म्हणून यात्रेची समाप्ती येथे.

येथील दान सर्वांत निराळे : चाळणीत ठेवलेले मालपुवे. महाराष्ट्रातून प्रथमच आलेल्या भगिनींस याचे आश्चर्य वाटते, पण थोडा विचार केल्यास त्यांस यातील आपलेपण दिसेल. अधिक मासात अपूपदान शास्त्राने सांगितले आहे. अपूप म्हणजे तुपात तळलेला गोड पदार्थ. आपल्याकडे तेहतीस अनारशांचे वाण दिव्यासह तांब्याच्या वा चांदीच्या ताटातून जावयास देतात, माळव्यात त्याच अपूपाचा मालपुवा झाला. अनारसा जाळीदार हवा, जाळी पडली नाही तर तो वाणात चालत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. अनारसे नसल्यास बत्तासे देतात, तेही सच्छिद्र. मालपुव्यास तशी जाळी नसते, आणि येथे छिद्रे आहेत ती चाळणीस. एकाच संकल्पनेने दोन प्रांतांत दोन वाटा धरल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. काही मराठी कुटुंबे घरून अनारसे करून आणतात आणि येथे घेतलेल्या चाळणीत ठेवून देतात. तसे करण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. धोंड्याच्या महिन्यात धोंडे खाऊन निघालेल्या जावयाकडूनच चाळणी उचलून घेण्याचा प्रकारही दृष्टीस पडतो, आणि तोही यात्रेच्या आनंदाचाच भाग आहे.

दानाविषयी नम्र विनंती

वर दिलेले दानपदार्थ सर्वसाधारणपणे प्रचलित आहेत. पुरोहितपरत्वे त्यांत थोडा फरक आढळतो, त्याबद्दल शंका बाळगू नये. परंतु एका गोष्टीबद्दल आम्ही आग्रहाने लिहीत आहोत. दान हे घेणाऱ्याच्या हाती देण्यासाठी असते. अलीकडे अनेक भाविक दानाचे सर्व साहित्य थेट सागरात सोडतात. 'सागरास दान' असा शब्दशः अर्थ घेतल्याने ही चूक होते.

याचा परिणाम काय होतो ते स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. नदीत टाकलेले मीठ वाहून जाते. तलाव वाहत नाही. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, मीठ मात्र खालीच राहते आणि पुढील वर्षी त्यात आणखी भर पडते. दूध पाण्यात नासते, आणि ते नासताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडल्याने मासे गुदमरतात. वस्त्रे तळाशी जाऊन गाळात अडकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीविषयी तर बोलावयासच नको. एका भाविकाची मूठभर चूक हजारो भाविकांच्या हातून एकाच महिन्यात घडते, हे ध्यानात घ्यावे. ज्या सागराचे पुण्य घेण्यास आपण आलो त्यासच त्या पुण्याची किंमत मोजावी लागावी, हे कोणत्याही शास्त्रास मान्य होणार नाही.

म्हणून मीठ, डाळ, गहू व वस्त्रे काठावरील पुरोहितांस अथवा गरजू व्यक्तींस द्यावीत. दूध व खीर लहान मुलांस पाजावी. सौभाग्यालंकार सुवासिनींस द्यावेत. पाण्यात केवळ फूल व अक्षता, तीही अल्प प्रमाणात, अर्पण कराव्यात. मागील अधिक मासांत या पद्धतीने यात्रा केलेल्या काही कुटुंबांनी आम्हांस सांगितले की प्रारंभी वृद्धांचा विरोध झाला, पण क्षीरसागरावर वाटीभर खीर मिळालेल्या मुलांचे चेहरे पाहिल्यावर तो मावळला.

स्नानाच्या बाबतीतही तारतम्य ठेवावे. विधीमध्ये प्रत्येक सागरी स्नान सांगितले असले तरी पाण्याची आजची स्थिती पाहता मस्तकावर प्रोक्षण पुरेसे आहे. आचमनासाठी सोबत नेलेले क्षिप्रेचे वा घरचे शुद्ध जल वापरावे, सागरांतील पाणी प्राशन करू नये.

काही व्यावहारिक सूचना

शहरातील चार सागर सकाळी दहाच्या आत आटोपतील असे निघावे, त्यानंतर उंडासा व परतीच्या वाटेवर अंकपात. अधिक मास उन्हाळ्यात आल्यास ही गोष्ट केवळ सोयीची राहत नाही, तर प्रकृतीची होते. ज्येष्ठातील माळव्याचे ऊन चाळीस अंशांच्या पुढचे असते, त्यातच बहुतेक भाविक उपवास करतात. उपवास असला तरी पाणी व ताक घेत राहावे. पावसाळ्यात अधिक मास आल्यास उंडाशाच्या काठी चिकण काळ्या मातीत पाय घसरतो, वहाणा तशाच हव्यात आणि मुलांस पाण्याजवळ एकटे सोडू नये.

कमला एकादशी, पौर्णिमा व रविवार या दिवशी गर्दी अधिक असते. शांतपणे पाहावयाचे असल्यास इतर तिथी निवडावी. एका दिवसात न जमल्यास दोन दिवसांत यात्रा केली तरी चालते, व क्रम मागेपुढे झाल्यासही दोष मानू नये. पंचक्रोशी यात्रेची गोष्ट वेगळी. ती पाच दिवसांची, ११८ किलोमीटरांची पायपीट असून तीस निराळी तयारी लागते. दोन्हींची गल्लत करू नये.

वाहनातूनच सातही ठिकाणी हात जोडून दोन तासांत यात्रा उरकून देणारेही येथे मिळतात. ज्यांस चालता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय योग्यच आहे. इतरांनी ती शक्यतो टाळावी, कारण पुष्करसागर व गोवर्धनसागर रस्त्यावरून नीट दिसतही नाहीत, आणि जे कोणी पाहत नाही ते नाहीसे होण्यास वेळ लागत नाही.

सोबत एक लहान वही ठेवावी, अशी आमची जुनी सूचना आहे. प्रत्येक सागरावर तिथी, पाण्याची पातळी कोणत्या पायरीपर्यंत आहे, व काठावर काय दिसले हे दोन ओळींत लिहावे. पुढील अधिक मासात तीच वही घेऊन यावे. काही कुटुंबांच्या अशा वह्यांत २०१२ सालच्या भाद्रपदापासूनच्या नोंदी आहेत, आणि त्यातील पायऱ्यांचे आकडे आम्हांस फार उपयोगी पडले आहेत. ज्या भाविकांपाशी त्याहून जुन्या नोंदी अथवा सागरांची जुनी छायाचित्रे असतील त्यांनी त्यांच्या प्रती न्यासाच्या कार्यालयात आणून द्याव्यात, ही विनंती. मूळ प्रती आपल्यापाशीच ठेवाव्यात.